किडनी बदलल्यावर ऊन आणि कातडी: गोळ्या चालू असताना काय सांभाळायचं

किडनी ट्रान्सप्लान्ट करून घरी आलेल्या माणसाला सूचनांची वानवा नसते. गोळ्या घड्याळ लावून घ्या, मास्क लावा, बाहेरचं खाऊ नका, पाणी उकळून प्या, रक्तातली औषधाची लेव्हल तपासायला वेळेवर या. महिन्याभरात घरातल्या लहान मुलालाही क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम सांगणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा पाठ होतो. या सगळ्या गडबडीत एक गोष्ट आपल्याकडे फार कमी बोलली जाते, ती म्हणजे ऊन. कुणी ‘उन्हात फिरू नका’ म्हटलंच, तर आपण त्याचा अर्थ चक्कर, घाम, अशक्तपणा असा लावतो. खरं कारण निराळं आहे आणि ते समोर यायला अनेक वर्षं लागतात. नवी किडनी टिकवणाऱ्या गोळ्या कातडीच्या कर्करोगाची शक्यता वाढवतात आणि ऊन त्यात भर घालतं.

माझ्या काकांचं ट्रान्सप्लान्ट झालं तेव्हा किडनी काकूंनीच दिली. तेव्हापासून मी हा विषय वाचत आले, डॉक्टरांना विचारत आले. या लेखात किडनीचं उदाहरण धरलं आहे, कारण सर्वांत जास्त अभ्यास त्याच रुग्णांवर झाला आहे. पण ज्यांचं यकृत, हृदय किंवा फुप्फुस बदललं आहे, ज्यांचा बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट झाला आहे, संधिवात, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) किंवा आतड्याच्या आजारासाठी जे वर्षानुवर्षं प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेतात, ज्यांना एचआयव्ही किंवा काही प्रकारचा रक्ताचा कर्करोग आहे, त्या सगळ्यांना यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी मुळाशी जाऊ. उन्हातले अतिनील किरण कातडीच्या पेशींमधल्या डीएनएवर पडतात आणि त्यात बारीक मोडतोड करतात. ही मोडतोड प्रत्येकाच्या कातडीत रोज होते. पेशी बरीचशी दुरुस्ती स्वतःच करते. जी दुरुस्त होत नाही, ती पेशी पुढे वेडीवाकडी वाढू लागते आणि तिला हेरून नष्ट करायचं काम प्रतिकारशक्तीचं. वावरात तण उगवायचं कधी थांबत नाही, खुरपणी वेळच्या वेळी होते म्हणून पीक दिसतं, तसंच हे. ट्रान्सप्लान्टनंतरच्या गोळ्या ही खुरपणी मुद्दाम मंद करतात, कारण ती पूर्ण जोमात चालली तर दुसऱ्याची किडनीही उपटून टाकली जाईल. त्यालाच आपण रिजेक्शन म्हणतो. म्हणजे गोळी आपलं काम चोख करते आहे म्हणूनच कातडी उघडी पडते. त्यात अतिनील किरण स्वतःही कातडीतल्या पहारा देणाऱ्या पेशींना सुस्त करतात. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पहारा ढिला होतो.

हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते ऑस्ट्रेलियात. तिथलं ऊन कडक आणि लोकांची कातडी बहुतांशी युरोपीय, गोरी. १९७१ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की किडनी बदललेल्या रुग्णांना कातडीचा कर्करोग वाजवीपेक्षा फार जास्त होतो आहे. पुढे युरोप-अमेरिकेतही तेच दिसलं. कातडीच्या वरच्या थरातून उद्भवणारा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (पुढे नुसतं ‘स्क्वॅमस’ म्हणते) गोऱ्या ट्रान्सप्लान्ट रुग्णांमध्ये सर्वसाधारण लोकांच्या ६५ ते २५० पट आढळतो. बेसल सेल कार्सिनोमा हा सावकाश वाढणारा, क्वचितच पसरणारा प्रकार साधारण १० पट, आणि मेलानोमा (कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग) दुप्पट ते चौपट. एरवी बेसल सेल जास्त आणि स्क्वॅमस कमी असं प्रमाण असतं, ट्रान्सप्लान्ट रुग्णांत ते उलटं होतं. स्क्वॅमस यांच्यात जास्त तर होतोच, शिवाय तो आडदांड असतो. लवकर वाढतो, एकाच माणसाला पुन्हा पुन्हा होतो आणि जवळच्या लसिका गाठींमध्ये पसरण्याची शक्यताही जास्त असते.

आता आपल्या मनातला प्रश्न. हे सगळं गोऱ्या लोकांचं झालं, आपल्या गव्हाळ, सावळ्या रंगाला याची काय भीती?

या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावं लागतं, आणि दोन्ही भाग तितकेच खरे आहेत. पहिला भाग दिलासा देणारा आहे. कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरण बऱ्यापैकी अडवतं. भारतात एकूण कर्करोगांमध्ये कातडीच्या कर्करोगाचा वाटा एक टक्क्याच्या आसपास धरला जातो. त्यामुळे ऑस्ट्रेलियातले आकडे जसेच्या तसे सांगलीच्या किंवा अकोल्याच्या माणसाला लावून त्याला घाबरवणं चूक आहे. २५० पट वगैरे मथळे वाचून कुणी घराबाहेर पडायचंच बंद केलं असेल, तर त्यांनी तसं करू नये.

दुसरा भाग मात्र सांभाळून वाचा. धोका कमी आहे, संपलेला नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी गोऱ्या नसलेल्या ट्रान्सप्लान्ट रुग्णांच्या तपासण्या प्रसिद्ध केल्या. आशियाई वंशाच्या रुग्णांमध्ये हे कर्करोग बहुतेक करून उन्हात उघड्या राहणाऱ्या भागावर होते. कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ते ऊन कधीच लागत नाही अशा जागी, विशेषतः जननेंद्रियाच्या आसपास होते आणि त्यामागे बऱ्याचदा एचपीव्ही हा चामखिळी आणि काही कर्करोग घडवणारा विषाणू होता. प्रतिकारशक्ती दबलेली असली की हा विषाणू मोकाट सुटतो. आपली कातडी या दोन टोकांच्या मधली, म्हणून आपल्याला दोन्हीकडे बघावं लागतं. तोंडाला सनस्क्रीन लावलं की झालं, असं आपल्या बाबतीत म्हणून चालत नाही.

ऊन न लागणाऱ्या जागी कातडीचा कर्करोग होतो, हे महाराष्ट्राला खरं तर फार पूर्वीपासून माहीत आहे. १९४० च्या दशकात मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमधल्या डॉ. वसंत खानोलकरांनी कमरेला धोतर घट्ट बांधणाऱ्या लोकांमध्ये नेमक्या त्या कासलेल्या रेषेवर होणारा स्क्वॅमस नोंदवला. पुढे परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधणाऱ्या बायकांच्या कमरेवरही तोच दिसला. आधी काळपट पट्टा, मग खाज, मग पांढुरके चट्टे आणि मग न भरणारी जखम असा त्याचा प्रवास असतो. जळाल्याचे जुने व्रण, वर्षानुवर्षं चिघळणारी पायाची जखम इथंही असंच होऊ शकतं. हे रोग मुळात विरळ आहेत, पण ज्याच्या प्रतिकारशक्तीला गोळ्यांनी लगाम घातला आहे त्याने अशा जागांकडे काणाडोळा करू नये. काकूंना मी सांगितलं, तुम्हीही नाडी सैल बांधा आणि जागा बदलत राहा. रुंद पट्ट्याचा परकर मिळतो, तो त्याहून बरा.

गोळ्यांबद्दल थोडं खोलात सांगते, कारण सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. आजकाल बहुतेक किडनी रुग्ण टॅक्रोलिमस (सगळे त्याला टॅक्रोच म्हणतात), मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशा तीन गोळ्यांवर असतात. जुन्या रुग्णांपैकी कित्येक जण सायक्लोस्पोरिन आणि अझाथायोप्रिनवर आहेत. संधिवात, ल्युपस, आतड्याचे आजार यांतही अझाथायोप्रिन सर्रास दिलं जातं. आणि उन्हाच्या बाबतीत सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी गोळी हीच.

अतिनील किरणांचे दोन प्रकार जमिनीपर्यंत पोचतात, यूव्हीए आणि यूव्हीबी. कातडी भाजते ती मुख्यतः यूव्हीबीने. यूव्हीए जास्त खोल जातं पण डीएनए ते थेट फारसं शोषून घेत नाही. अझाथायोप्रिन घेणाऱ्यांच्या बाबतीत हे बदलतं. या औषधाचा एक अंश पेशीच्या डीएनएमध्येच जाऊन बसतो आणि तो अंश यूव्हीए शोषून घेतो. म्हणजे जे किरण एरवी बऱ्यापैकी निसटून गेले असते, तेच आता आत जाऊन मोडतोड करतात. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. आता याला एक रोजची गोष्ट जोडा: खिडकीची साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बरंच आत येऊ देते. एसटीत खिडकीशी बसून केलेला सोलापूर-पुणे प्रवास किंवा ऑफिसात काचेच्या भिंतीला लागून असलेली खुर्ची हेही ऊनच आहे. भाजल्यासारखं वाटत नाही म्हणून कळत नाही, इतकंच. गाडीच्या पुढच्या काचेत मध्ये प्लास्टिकचा थर असतो, ती बहुतेक यूव्हीए अडवते, बाजूच्या काचांची तशी खात्री नसते. अझाथायोप्रिन चालू असेल तर प्रवासात खिडकीच्या बाजूचा हात पूर्ण बाहीत ठेवा.

इतर काही औषधंही कातडीला उन्हाबाबत हळवी करतात. बुरशीवरचं व्होरिकोनॅझोल महिनोन्‌महिने घ्यावं लागलं तर त्याने कातडी भाजल्यासारखी होते आणि स्क्वॅमसचा धोकाही वाढतो. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक थोडे दिवसच असतं, पण तेवढ्या दिवसांत ऊन टाळावं. बीपीच्या ज्या जोडगोळ्यांच्या नावापुढे ‘एच’ असतो, त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. डेन्मार्कच्या मोठ्या अभ्यासांत ते दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये स्क्वॅमस जास्त दिसला आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्याच्या माहितीपत्रकात तशी सूचना घालायला लावली. सरसकट धरलं तर तो वाढीव धोका अगदी लहान आहे: साधारण १६,००० रुग्णांमागे वर्षाला एक जास्तीचा रुग्ण. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसासाठी मात्र डॉक्टरांना एवढं विचारणं रास्त आहे, की यापेक्षा दुसरी गोळी चालेल का?

विचारायचं म्हणजे विचारायचंच. स्वतःच्या मनाने यातली एकही गोळी बंद करायची नाही, कमी करायची नाही. हे वाक्य मी इथं हात जोडून लिहिते आहे. कातडीचा कर्करोग बहुतेक वेळा लवकर सापडला तर छोट्या शस्त्रक्रियेने निघतो. टॅक्रो चुकवल्याने गेलेली किडनी परत येत नाही.

आपल्याकडचं ऊन किती कडक आहे याचा अंदाज घ्यायला यूव्ही इंडेक्स नावाचं माप आहे, मोबाइलच्या हवामानाच्या अॅपमध्ये ते दिसतं. ३ किंवा त्याहून जास्त असेल तर संरक्षण घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ११ च्या पुढे ते ‘अतितीव्र’ समजलं जातं. महाराष्ट्रात उन्हाळ्यात भर दुपारी ते सहज ११ च्या पुढे जातं. डिसेंबरच्या स्वच्छ दुपारी हवा गार असली तरी ३ च्या वरच असतं. उष्णता आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाबळेश्वरला थंडीत उन्हात बसायला छान वाटतं, पण दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरण दहा टक्क्यांच्या आसपास वाढतातच.

अॅप नसेल तर सावली बघा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेवढा वेळ ऊन टाळायचं. आपल्याकडे याला एक सुंदर जोड आहे. शून्य सावली दिवस आता शाळाशाळांतून साजरा होतो. कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत मे महिन्यात वेगवेगळ्या तारखांना सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मुंबईत तो १५ मेच्या आसपास येतो. हाच सूर्य परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा डोक्यावरून जातो, मुंबईत जुलैच्या अखेरीला. तो दिवस ढगांमुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण विरळ ढगांतून ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात. श्रावणातल्या ऊन-पावसाच्या खेळात म्हणूनच गाफील राहू नये. आणखी एक: आपल्या घड्याळात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे. उन्हाळ्यात मुंबईत ती वेळ साडेबाराच्या पुढे असते, नागपुरात बाराला थोडी टळून. त्यामुळे ‘बारानंतर ऊन उतरतं’ हा हिशेब कोकण-मुंबईकडे तर साफ चुकतो. दहा ते चार ही वेळ सावलीची धरा. बाजार, बँक, सकाळचं फिरणं आधी किंवा नंतर उरकता येतं.

ज्यांना उरकता येत नाही त्यांचं काय, हा खरा प्रश्न आहे. शेतकरी, फेरीवाला, डिलिव्हरी करणारा, बांधकामावरचा माणूस, या सगळ्यांचीही ट्रान्सप्लान्ट होतात आणि पोट भरायला त्यांना पुन्हा उन्हातच जावं लागतं. त्यांना महागड्या ट्यूबचा सल्ला देणं मला पटत नाही. त्यांनी पहिला भर कपड्यावर द्यावा. कपडा दर दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही, घामाने वाहून जात नाही आणि घरात आधीच असतो. फक्त कपडा कोणता, ते बघावं लागतं. झिरझिरीत पांढरं मलमल हवेशीर असतं पण किरणही आत सोडतं, आणि भिजलं की आणखीच सोडतं. घट्ट विणीचा, जरा गडद रंगाचा सुती शर्ट जास्त अडवतो. साधी परीक्षा अशी: कापड उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसत असेल तर तेवढं ऊनही आत येणार. पूर्ण बाही, बंद कॉलर. गांधी टोपीने टाळू झाकते, पण तिला काठ नसल्याने कान, मान आणि नाक उघडेच राहतात. त्यापेक्षा कान झाकून मानेवर सोडलेलं उपरणं किंवा चारी बाजूंनी रुंद काठाची हॅट बरी. पुण्यात स्कूटरवरच्या मुली डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने गुंडाळतात, हातात लांब मोजे आणि अंगात सनकोट घालतात. बाहेरगावच्या माणसांना त्याची गंमत वाटते. ट्रान्सप्लान्ट झालेल्या माणसाने मात्र हाच वेश बिनदिक्कत उचलावा, पुरुषांनीसुद्धा.

सनस्क्रीन यानंतर येतं, जो भाग कपड्याने झाकता येत नाही त्यासाठी. ते खरंच उपयोगी आहे का? आहे, आणि नेमकं आपल्या विषयातलंच संशोधन आहे. बर्लिनच्या डॉक्टरांनी किडनी, यकृत आणि हृदय बदललेल्या १२० रुग्णांकडे २ वर्षं लक्ष ठेवलं. निम्म्यांना सनस्क्रीन देऊन रोज लावायला सांगितलं, उरलेल्यांना फक्त सल्ला दिला. २००९ मध्ये निकाल छापून आला: सल्ला मिळालेल्या गटात ८ नवे स्क्वॅमस झाले, सनस्क्रीन लावणाऱ्या गटात एकही नाही. रुग्ण गोरे होते आणि गट लहान होता, हे धरूनही मला हा निकाल फार बोलका वाटतो.

विकत घेताना ट्यूबवर एसपीएफ ३० किंवा ५०, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ आणि पीएपुढे तीन-चार अधिकची चिन्हं आहेत का ते बघा. एसपीएफ यूव्हीबीबद्दल सांगतो, पीए यूव्हीएबद्दल. अझाथायोप्रिनवाल्यांनी पीए बघितल्याशिवाय घेऊच नये. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतो आणि ५० सुमारे ९८ टक्के, पण हे आकडे प्रयोगशाळेत भरपूर जाड थर लावून काढलेले असतात. आपण लावतो त्याच्या पाव किंवा अर्धा. मटारएवढा ठिपका घेऊन तोंडभर फिरवला तर बाटलीवरचा आकडा विसरा. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत पट्टा काढायचा, तेवढं तोंड आणि मान यांना मिळून लागतं. पूर्ण अंगाला लावायचं तर एका वेळी तीसेक मिली हवं, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दोन वेळाही पुरणार नाही. कपड्यावर भर का, ते यातूनच कळेल. बाहेर पडायच्या १५-२० मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावा. कानाची पाळी, मानेची मागची बाजू, हाताचा पंजा, टक्कल आणि खालचा ओठ या जागा हमखास राहतात. ओठासाठी एसपीएफ असलेला लिप बाम मिळतो. आणि ओठाचा विषय निघालाच आहे तर तंबाखू, मिश्री, गुटखा पूर्ण बंद. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाच्या ओठात, गालात तंबाखू म्हणजे आपण होऊन कर्करोगाला दार उघडणं.

आता तपासणी. आपल्या रंगासाठी ही मला सनस्क्रीनइतकीच, कदाचित त्याहून महत्त्वाची वाटते. काका-काकूंनी यासाठी महिन्यातला पहिला रविवार ठरवला आहे. काकांची आंघोळ झाली की खोलीतला ट्यूबलाइट लावून, खिडकी उघडून काकू टाळूपासून सुरुवात करतात. कंगव्याने केसांचे भांग पाडत, मग कानामागे, मानेवर, पाठीवर. पायाच्या तळव्यांना काका स्वतः आरसा धरतात आणि बोटांच्या बेचक्या, नखं बघतात. जननेंद्रियाचा आणि गुदद्वाराचा भाग ते आरशात एकटेच बघतात. काही वेगळं दिसलं की काकू त्याच्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून मोबाइलवर फोटो काढतात. पुढच्या महिन्यात तेच नाणं ठेवून पुन्हा काढतात, म्हणजे वाढलं की नाही त्यावर वाद राहत नाही.

शोधायचं काय? चार आठवड्यांत न भरलेली जखम. हाताला खरबरीत लागणारा, खवल्यासारखा चट्टा, जो खरवडला तरी परत येतो. शिंगासारखा टणक उंचवटा. भराभर वाढणारी, दुखणारी किंवा सहज रक्त येणारी गाठ. बेसल सेल गोऱ्या माणसात मोत्यासारखा गुलाबी दिसतो, आपल्याकडे तो पुष्कळदा काळा, चकचकीत असतो आणि लोक त्याला तीळ समजून सोडून देतात. तळवा, तळपाय आणि नखाखाली उठणारा काळा डाग किंवा नखातली रुंद होत जाणारी काळी रेघ मेलानोमाची असू शकते. सावळ्या लोकांत मेलानोमा बऱ्याच वेळा तिथंच होतो आणि त्याचा उन्हाशी संबंध नसतो. जांभळट-तपकिरी चट्टे किंवा गाठी उठल्या तर कापोसी सार्कोमा नावाचा वेगळा प्रकार डॉक्टर तपासून बघतील. आणि चामखिळी. ट्रान्सप्लान्टनंतर त्या घोसाने येतात. त्यांना घोड्याचा केस बांधणं, चुना-सोडा लावणं, ब्लेडने छाटणं यातलं काहीही करू नका. एक तर जंतुसंसर्ग होईल, दुसरं म्हणजे चामखीळ म्हणून जाळलेली गोष्ट स्क्वॅमस निघण्याची शक्यता या रुग्णांत खरोखर असते.

घरची तपासणी झाली तरी वर्षातून एकदा त्वचारोगतज्ज्ञांकडे पूर्ण अंग दाखवावं. आशियाई वंशाच्या रुग्णांची पहिली तपासणी ट्रान्सप्लान्टनंतर ५ वर्षांच्या आत व्हावी, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मिळून ठरवलं आहे. माझं मत विचाराल तर ट्रान्सप्लान्टच्या आधी, डायलिसिस चालू असतानाच एकदा दाखवून घ्या. गोळ्या सुरू व्हायच्या आधी कातडी कशी होती याची नोंद तयार होते, आणि एचपीव्हीच्या लसीबद्दलही तेव्हाच विचारता येतं. ती जिवंत विषाणूची लस नाही, त्यामुळे ट्रान्सप्लान्टनंतरही देता येते, पण आधी दिली तर शरीर तिला चांगला प्रतिसाद देतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही २०२३ पासून उपलब्ध आहे. ओपीडीत आत शिरल्या शिरल्या ‘माझं ट्रान्सप्लान्ट झालंय, या या गोळ्या चालू आहेत’ हे सांगा. गर्दीत डॉक्टर हात बघून मलम लिहून देतात, हे वाक्य ऐकलं की बघण्याची नजर बदलते. कपडे काढून तपासणी करून घ्यायला बायकांना संकोच वाटतो, त्यांनी लेडी डॉक्टरांची वेळ आधीच मागून घ्यावी.

संशय आला तर बायोप्सी करतात. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढायचा, एखाद-दोन टाके. ‘सुरी लागली की कर्करोग पसरतो’ ही समजूत खोटी आहे. कर्करोगाच्या आधीचे खरबरीत चट्टे गोठवून किंवा मलमाने जातात, कर्करोग झाला असेल तर तो भाग कापून काढतात. स्क्वॅमस पुन्हा पुन्हा होत असेल तर नेफ्रोलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, गोळ्यांचा डोस कमी करण्याचा किंवा टॅक्रोऐवजी सिरोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारंच दुसरं औषध देण्याचा विचार करतात. एकदा स्क्वॅमस होऊन गेलेल्या किडनी रुग्णांवर युरोपात झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिरोलिमस घेणाऱ्यांना नवे स्क्वॅमस कमी झाले, मात्र दुष्परिणामांमुळे कित्येकांना ते सोडावं लागलं. हा निर्णय दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बोलून घ्यायचा असतो.

निकोटिनमाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, याबद्दल व्हॉट्सअॅपवर पुष्कळ फिरतं. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात त्याने कातडीचे कर्करोग सुमारे २३ टक्क्यांनी कमी केले होते, पण ते रुग्ण ट्रान्सप्लान्टचे नव्हते. खास ट्रान्सप्लान्ट रुग्णांवर ते करून बघितलं, त्याचा निकाल २०२३ मध्ये आला आणि फायदा दिसला नाही. तेव्हा त्या गोळ्यांवर पैसे घालवण्यापेक्षा चांगली हॅट घ्या.

राहिला ड जीवनसत्त्वाचा मुद्दा, जो प्रत्येक घरात निघतोच: ‘ऊन बंद केलं तर हाडांचं काय?’ शंका अगदी बरोबर आहे. भरपूर ऊन असूनही आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता मुबलक आढळते, त्यात प्रेडनिसोलोन हाडं ठिसूळ करतं. पण त्यासाठी उन्हात बसायची गरज नाही. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांसोबत ड जीवनसत्त्वाची पातळीही बघायला सांगा. कमी असेल तर डॉक्टर किडनीचं काम आणि कॅल्शियम बघून डोस ठरवतील. मेडिकलमधून आपणच साठ हजार युनिटची पाकिटं आणून दर आठवड्याला घेत बसू नका, जास्त झालेलं ड जीवनसत्त्व कॅल्शियम वाढवून त्याच किडनीला त्रास देतं.